पोरगं उडू नये म्हणून

मागच्या अंकात ‘मूव्हिंग’ या कोरियन मालिकेबद्दल मी जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज येतील असं खरंच वाटलं नव्हतं. म्हणून यावेळचं सगळं सदर तिलाच देतेय. ज्यांनी पाहिली नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 2023 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ती डिस्नी प्लसवर आली, आपल्याकडे हॉटस्टारवर, एकूण 20 भाग. कांग फुल यांनी 2015 मध्ये मोबाईलवर बोटाने वर सरकवत वाचायची चित्रकथा केली होती, तिकडे त्याला वेबटून म्हणतात, आणि मालिकेची पटकथाही त्यांनीच लिहिली. काही माणसांना जन्मतःच शक्ती असतात, कुणी उडतं, कुणाची जखम लगेच भरते, कुणाला लांबचं ऐकू येतं. ही माणसं आधी सरकारच्या गुप्तहेर खात्यात होती, आता लपून छोटी छोटी दुकानं चालवतात आणि त्यांच्या मुलांमध्येही त्या शक्ती उतरल्यात. पुढे गोष्ट थोडी फुटणार आहे, तेव्हा सांभाळून वाचा.

प्रश्न : ताई, माझी मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने सुट्टीत ही मालिका लावली, मी स्वयंपाक करता करता अधूनमधून बघायचे. मारामारी मला आवडत नाही. पण ती आई मुलाला सारखं खाऊ घालते ना, ते बघून मला दोनदा रडू आलं आणि मुलगी हसायला लागली. सुपरहिरोच्या गोष्टीत रडण्यासारखं काय आहे ते मलाच कळत नाहीये. — एक वाचक, देवपूर, धुळे

उत्तर : काकू, रडू आलं ते अगदी बरोबर जागी आलं, मुलीला हसू द्या, अजून दहा वर्षांनी तीपण तिथेच रडेल.

ती आई म्हणजे ली मि-ह्यन. तिचं टोन्कात्सुचं हॉटेल आहे, म्हणजे डुकराच्या मांसाचा तुकडा ठोकून पातळ करायचा, ब्रेडचा चुरा लावायचा आणि तळायचा. तिचा मुलगा बोंगसोक बारावीच्या वयाचा, आणि त्याला आनंद झाला, भीती वाटली किंवा एखादी मुलगी आवडली की त्याचे पाय जमिनीवरून सुटतात. तान्हा होता तेव्हाच छताला जाऊन लागायचा. मग आई काय करते, त्याला भरपूर जेवू घालते म्हणजे वजन वाढेल, दप्तरात वजनं घालते, पायाला वजनं बांधते. आणि तो बिचारा बसमध्ये शेजारी मुलगी उभी राहिली की मनातल्या मनात गणितातल्या पायची (π) किंमत म्हणत बसतो, 3.14159 आणि पुढचे सगळे आकडे, कारण डोकं आकड्यात गुंतलं की शरीर खाली राहतं. ली जंग-हा या नटाने या भूमिकेसाठी 30 किलो वजन वाढवलं होतं, आणि ते पडद्यावर दिसतं, तो जेवतो ना ते खरंखुरं जेवणं वाटतं.

आता तुम्ही सांगा, आपण वेगळं काय करतो? माझा धाकटा भाऊ लहानपणी गोरापान आणि गुटगुटीत, तर आईने त्याच्या कमरेला काळा दोरा बांधलेला, गालावर काजळाची तीट, आणि कुणी म्हटलं पोरगं किती हुशार आहे हो तुमचं, की आई लगेच म्हणायची, कशाचं हुशार, नुसता हट्टी आहे. मला तेव्हा राग यायचा, बिचाऱ्याचं कौतुक का मारते म्हणून. मि-ह्यनला पाहिलं आणि पहिल्यांदा कळलं की ती त्याला लपवत होती. आपल्या लेकरात काही वेगळं दिसलं की आईला आनंद होतो आणि त्याच क्षणी धसका बसतो, की आता हे जगाला दिसणार आणि जग याला घेऊन जाणार. मि-ह्यनचा नवरा उडायचा, त्याला खात्याने वापरून घेतलं आणि तो गायब झाला. त्यामुळे मुलाच्या ताटात ती जे वाढते ते त्याच भीतीपोटी वाढते. तुम्हाला ते स्वयंपाकघरात उभं राहून दिसलं म्हणून जास्त लागलं असेल.

अजून एक. कोरियन माणसं एकमेकांना भेटली की विचारतात, जेवलास का. म्हणजे आपलं अहिराणीतलं ‘जेवन झायं का’ हुबेहूब. आणि वडिलांना ते आप्पा म्हणतात! मी सबटायटल लावून बघत होते तरी तो शब्द कानावर पडला की दरवेळी आमचे आजोबा आठवायचे.

प्रश्न : मी रेल्वेतून निवृत्त झालोय. नातू दिवसभर हे कोरियन बघतो. मला ही सगळी अमेरिकन सुपरहिरोंची नक्कल वाटते, फक्त चेहरे वेगळे. माझं चुकतंय का? — एक आजोबा, भुसावळ

उत्तर : काका, अर्धा प्रश्न बरोबर आहे तुमचा. उडणं, जखम भरणं, वीज काढणं या कल्पना जुन्याच आहेत, त्यात नवं काही नाहीये. पण त्या ज्या मातीत रोवल्यात ती माती पूर्ण कोरियाची आहे. 1950 ते 1953 उत्तर आणि दक्षिण कोरियात युद्ध झालं, मग शस्त्रसंधी झाली, पण शांतता करार आजपर्यंत नाही, म्हणजे कागदोपत्री ते युद्ध अजून संपलेलंच नाहीये. म्हणून तिथल्या सुपरहिरोला मुखवटा आणि झगा कुणी देत नाही, खात्याकडून हुकूम मिळतो, की जा आणि अमक्याला मार. शक्ती असलेला माणूस सरकारी हत्यार होतो, आणि हत्यार जुनं झालं की त्याचं काय करायचं हा प्रश्न मालिका विचारते. शेवटच्या भागांत उत्तरेकडून जी माणसं मारायला येतात ना, त्यांचीही मागची गोष्ट दाखवलीय, त्यांनाही त्यांच्या घरातून ओढूनच आणलंय. मला तो भाग फार मोठा वाटला, कारण शत्रूलाही आई असते हे सांगायला एक आख्खा तास खर्च करायची हिंमत लागते.

आणि काका, सुपरहिरो आपल्या बाजूलाही झालाय बरं का. मालेगावात शेख नासिर आणि त्यांच्या मित्रांनी यंत्रमागावर काम करणाऱ्या काटकुळ्या शफीकला आपल्या सिनेमात सुपरमॅन केला होता, तो घाणीशी आणि तंबाखूशी लढायचा. 2008 मध्ये त्यावर डॉक्युमेंटरी झाली आणि ती परदेशात पण लोकांनी डोक्यावर घेतली. तिथेही कल्पना अमेरिकेचीच होती, पण दुखणं मालेगावचं होतं. नातवासोबत एकदा तेही बघा, त्याला खूप आवडेल.

प्रश्न : मी तीन भाग बघून सोडून दिली, खूप स्लो आहे भो. मित्र म्हणतात पुढे भारी आहे. किती सहन करायचं? — यावल

उत्तर : सातव्या भागापर्यंत जा. पहिले सात भाग शाळेतल्या पोरांचे आहेत आणि ते एकाच दिवशी आले होते, म्हणजे बनवणाऱ्यांनाच वाटत होतं की हे सलग बघावं. आठव्यापासून गोष्ट मागे जाते, आई-बापांच्या तरुणपणात, आणि तिथे मारामारी, प्रेम, गुप्तहेर सगळं सुरू होतं. पण एक सांगते, ते हळू भाग टाळून थेट आठवा लावू नकोस. बोंगसोक आणि त्याच्या वर्गातली ही-सू शाळेच्या जिममध्ये प्रॅक्टिस करतात, ती धावते आणि तो घड्याळ लावून वेळ मोजतो, ते तू नीट बघितलं असशील तरच पुढे त्यांच्या बापांच्या गोष्टीचा जीव लागतो.

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे, वर्गातली पोरं बघतात म्हणून हट्ट धरलाय. दाखवू का? — एक आई, शहादा

उत्तर : नको. 18 वर्षांवरच्यांसाठी आहे ती, आणि ते उगाच नाहीये, रक्त खूप आहे, एकेका मारामारीत मी स्वतः डोळे मिटलेत. ज्याची जखम भरते त्याला आधी जखम व्हावीच लागते ना, आणि ती जवळून दाखवलीय. हट्ट मोडताना खरं कारण सांगा त्याला, मोठा झालास की आपण सोबत बघू म्हणा.

प्रश्न : ताई, सगळे बोंगसोक आणि त्याच्या आईबद्दल बोलतात. मला मात्र ही-सूचे वडील डोक्यातून जात नाहीयेत. माझ्या पप्पांचं दुकान मागच्या वर्षी बंद करावं लागलं, म्हणून असेल कदाचित. — जळगाव

उत्तर : म्हणूनच आहे, आणि त्यात काही कमीपणा नाही. ही-सूचे वडील जांग जू-वन, ते काम रयू सुंग-र्योंग या नटाने केलंय, आणि माझ्या मते सगळ्या मालिकेत सगळ्यात जड काम त्याचंच आहे. धिप्पाड माणूस, गोळी लागली तरी उठतो, सुरा लागला तरी उठतो, आणि आता मुलीसाठी चिकन तळायचं दुकान टाकून बसलाय आणि गिऱ्हाईक येत नाही. त्या रिकाम्या दुकानात तो ॲप्रन घालून उभा असतो ना, ते कितीतरी लढायांपेक्षा जास्त लागतं. त्याला रस्ते कळत नाहीत, सारखा चुकतो, आणि त्याची बायको त्याला रस्ता दाखवणारी होती. ती अपघातात जाते. ज्याच्या अंगावर जखम टिकत नाही तो माणूस तेव्हा जसा रडतो, तसं रडणं मी पडद्यावर फार कमी पाहिलंय.

अजून एक बाप आहे, ली जे-मान, बुद्धीने थोडा मंद पण ताकद प्रचंड, तो किराणा दुकानापुढे बसून मुलाची वाट बघतो, बस्स. मुलगा यायची वेळ झाली की घड्याळ बघतो. एवढंच करतो आणि आपला घसा दाटून येतो. 2024 च्या बेक्सांग या कोरियन टीव्ही-सिनेमाच्या पुरस्कारात टीव्हीचा सर्वोच्च पुरस्कार ‘मूव्हिंग’ला मिळाला, त्यात अशा साध्या दृश्यांचा वाटा मोठा असणार असं मला मनापासून वाटतं. तुझ्या पप्पांसोबत बसून बघ. काही बोलायची गरज नाही, नुसतं शेजारी बस.

प्रश्न : मला बोंगसोकच्या आईचा राग येतो. माझी आईपण अशीच आहे. मला पुण्याला शिकायला जायचंय, ॲडमिशन मिळतेय, पण आई म्हणते इथेच काय कमी आहे. जीव घुसमटतो माझा. — वय 19, अमळनेर

उत्तर : तुझा राग खोटा नाहीये. बोंगसोकलाही एक दिवस आईशी भांडावंच लागतं, तो विचारतो की मला उडायला का देत नाहीस, आणि त्याचं बरोबरच असतं. प्रेमाने बांधलेली वजनंही वजनंच असतात, पाय दुखतातच.

पण मी जळगाव स्टेशनवरून पहिल्यांदा नाशिकला हॉस्टेलला निघाले तेव्हाचं सांगते. आईने बॅगेत दशम्या, लोणच्याची बरणी, बिबड्या, शेंगदाण्याची चटणी आणि वर अजून केळीचे वेफर्स कोंबले होते. मी वैतागून म्हटलं, अगं एवढं जड मी उचलू कशी? तर ती माझ्याकडे न बघता चेन लावत म्हणाली, जड आहे तर जड, हळू चालशील. गाडी सुटल्यावर मी खिडकीतून पाहिलं तर ती प्लॅटफॉर्मवर गाडीसोबत चालत होती, आणि चांगली भरभर चालत होती.

तर असं कर. आठवा आणि नववा भाग आईसोबत बघ, त्यात मि-ह्यन तरुण आहे, तुझ्याहून थोडीच मोठी, खात्यात नोकरी करते, एकटी राहते, हुशार आहे, आणि एक माणूस रात्री हवेत तरंगत तिच्या खिडकीशी येतो. तिने स्वतः काय काय पाहिलंय हे त्या दोन भागांत कळतं. ते संपलं की आईला विचार की तिला नेमकी भीती कशाची वाटते, रस्त्याची, पैशाची, लोकांची की तू परत येणार नाहीस याची. जे सांगेल ते मध्येच न तोडता ऐक. आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजची फी, हॉस्टेलचा पत्ता, वॉर्डनचा नंबर, अमळनेरहून पुण्याला जायच्या गाडीची वेळ, सगळं एका कागदावर लिहून तिच्या हातात दे. काय म्हणाली ते मला कळव, मी वाट बघतेय.