वाचकांचे प्रश्न: सिंगापुरातला डेंग्यू आणि आपलं घर

प्रश्न: आमच्या ब्लॉकखाली डेंग्यूचा लाल फलक लागला आहे. आम्ही अकराव्या मजल्यावर राहतो. इतक्या उंचावर डास येतो का? घरात नेमकं काय तपासायचं? (पुंगोल)

उत्तर: लाल फलक म्हणजे त्या भागात दहा किंवा त्याहून अधिक रुग्ण, दहाच्या आत असले तर पिवळा. उंचीवर मात्र विसंबू नका. डास लिफ्टमधून वर येतो, आणि तुमच्याच बाल्कनीत जन्मलेल्या डासाला वर यावंच लागत नाही.

डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास गटाराच्या वाटेला फारसा जात नाही, त्याला साठलेलं स्वच्छ पाणी लागतं. वीस सेंटच्या नाण्याएवढं थारोळंही पुरतं, आणि इथल्या उष्ण हवेत अंड्याचा डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात. म्हणून तपासणीचा वार ठरवून ठेवा.

मराठी घरात पहिली बघायची जागा तुळशीच्या कुंडीखालची ताटली. ती एक दिवसाआड रिकामी करा, आणि नुसती ओतून देऊ नका, काथ्याने घासा. मादी अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ओलसर कडेला चिकटवते. ताटली वाळली तरी ती अंडी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. घरातल्या स्वच्छतेत हमखास सुटणारी गोष्ट हीच आहे. कुंडीतली माती दगडासारखी घट्ट झाली असेल तर पाणी वरच तुंबतं; खुरप्याने भुसभुशीत करा. बाटलीतल्या मनी प्लांटचं पाणी बदलताना मुळं धुवा आणि बाटली आतून घासा. जमलं तर तो सरळ मातीत लावा.

मग खिडकीबाहेर बघा. जुन्या एचडीबी (सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या) इमारतींत कपड्यांचे बांबू खोचायच्या नळ्या असतात. बांबू नसेल तेव्हा त्यांत पावसाचं पाणी राहतं, त्यांना झाकणं लावा. आत भांड्यांच्या रॅकखालचा ट्रे आणि एसीचा ट्रे. बादल्या उलट्या करून ठेवा, कडाही पुसा. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांना ओळखपत्र विचारायला संकोच करू नका. घरात अळ्या सापडल्या तर दंड २०० डॉलरपासून सुरू होतो.

प्रश्न: धुराची फवारणी झाली तरी डास दिसतातच. शिवाय सरकारच डास सोडतं म्हणे! (टँपिनीस)

उत्तर: धुराने फक्त उडते डास मरतात, अंडी-अळ्या तशाच राहतात; पाणी हटवलं नाही तर आठवड्याभरात नवी पिढी तयार. सोडलेले डास हे २०१६ साली सुरू झालेल्या वोल्बाकिया प्रकल्पातले नर आहेत आणि नर चावत नाहीत. वोल्बाकिया जिवाणू असलेल्या नराशी बाहेरच्या मादीचा संयोग झाला तर तिची अंडी उबत नाहीत. घरात एखादा मारलात तरी बिघडत नाही.

प्रश्न: डेंग्यूचा ताप उतरला की धोका टळला ना? प्लेटलेट कमी असतील तर चढवून घ्याव्यात का? आई पुण्याहून पपईच्या पानांचा रस द्यायला सांगते. (जुराँग)

उत्तर: उलट, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो तेव्हाचे २४ ते ४८ तास सगळ्यात जपायचे. या काळात रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपतो, रक्त घट्ट होतं, रक्तदाब पडू शकतो. म्हणून डॉक्टर प्लेटलेटबरोबर हिमॅटोक्रिटही (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) बघतात. सारखी ओकारी, पोटात जोरात दुखणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, कमालीची मरगळ किंवा अस्वस्थपणा यांतलं काहीही दिसलं तर तडक रुग्णालय गाठा. रुग्ण उभा राहू शकत नसेल तर रुग्णवाहिकेसाठी ९९५ ला फोन करा.

रक्तस्राव नसताना केवळ आकडा खाली गेला म्हणून प्लेटलेट चढवून फायदा होत नाही, हे सिंगापूर आणि मलेशियातल्या प्रौढ रुग्णांवरच्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. पपईच्या रसावर भिस्त ठेवू नका. तो कडू असतो, मळमळ वाढवतो, आणि या आजारात पोटात पाणी टिकणं फार मोलाचं आहे. आईंना सांगा, पेज, ताक, शहाळं, ओआरएस द्यायचं आहे, थोडं थोडं, दिवसभर. नुसत्या पाण्याने भागत नाही, क्षारही लागतात. दर चार ते सहा तासांनी लघवी होत असेल तर पाणी पुरेसं जातंय असं समजा. बीट किंवा लाल सरबत देऊ नका. ओकारी झाली तर ते रक्त आहे की रंग, हे कळत नाही.

तापाला फक्त पॅरासिटामॉल: प्रौढांना ५०० मिलिग्रॅमच्या एक-दोन गोळ्या, दोन वेळांत सहा तासांचं अंतर, दिवसात सहा गोळ्यांच्या वर नाही. सर्दीच्या तयार गोळ्यांतही बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतं, म्हणून मात्रा नकळत दुप्पट होते, वेष्टण वाचा. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक नको, त्यांनी रक्तस्राव वाढतो. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ती मनाने बंद न करता डॉक्टरांना विचारा.

आणि तापात रुग्णाला डास चावू देऊ नका. त्याला चावलेला डास पुढे घरातल्या इतरांना आजार देतो. दिवसाही अंगाला रिपेलंट लावा.

प्रश्न: डिसेंबरच्या सुट्टीत तीन आठवडे भारतात जाणार. घर बंद राहील. (यिशुन)

उत्तर: कमोडचं झाकण पाडा, फ्लशच्या टाकीच्या ओव्हरफ्लो नळीचं तोंड बंद करा, मोरीच्या सगळ्या जाळ्या झाका. ताटल्या घासून, कोरड्या करून उचलून ठेवा. तुळस शेजाऱ्यांकडे द्या. किल्ली ओळखीच्यांकडे ठेवलीत तर तेही बघून जातील. भारतात पोहोचल्यावर दोन आठवड्यांत कुणाला ताप आला तर तिथल्या डॉक्टरांना सिंगापूरहून आल्याचं आणि निघाल्याची तारीख सांगा. चावा आणि ताप यांत बहुधा चार ते दहा दिवस जातात.