मी लक्ष ठेवणं सोडलं तर त्यांचं काय होईल?

"मॅडम, मी लक्ष ठेवणं सोडलं तर ते आणखी वाहवत जातील ना?" घरात कुणाला दारूचं व्यसन असलं की हा प्रश्न हमखास येतो.

या बाईंचा नवरा बरीच वर्षं पीत होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तो घरात शिरला की त्या आधी वास घ्यायच्या, मग डोळे बघायच्या, तो अंघोळीला गेला की खिसे चाचपायच्या. सकाळी त्याच्या ऑफिसात फोन करून "पोट बिघडलंय" म्हणून सांगायच्या. मुलीलाही तेच. रात्री दचकून उठायच्या आणि त्याचा श्वास चालू आहे ना ते बघायच्या.

"तुम्ही शांतपणे शेवटचं कधी जेवलात?" मी विचारलं. त्या चिडल्या. "मी त्यांच्यासाठी आलेय, माझ्यासाठी नाही."

हा राग खरा असतो. इतकी वर्षं जीव टांगणीला लावलेल्या माणसाला 'स्वतःकडे बघा' म्हटलं की टाकून दिल्यासारखं वाटतं. पण व्यसन हा आजार आहे आणि पहारा देऊन तो बरा होत नाही. व्यसनी माणसांच्या नातेवाइकांसाठी 1951 मध्ये सुरू झालेल्या अल-अॅनॉन या संघटनेत सांगतात, की हे तुमच्यामुळे झालेलं नाही, ते तुमच्या ताब्यात नाही आणि तुम्ही ते बरं करू शकत नाही. बाईंना यातलं पहिलं वाक्य मी दोनदा म्हणायला लावलं. तेव्हा त्या रडल्या.

मग आम्ही एकच गोष्ट धरली, ऑफिसचा फोन. तो शुद्धीत असताना, सकाळी, आवाज न चढवता त्यांनी सांगायचं, "यापुढे तुमच्यासाठी मी खोटं बोलणार नाही. डॉक्टरांकडे जायचं असेल तर मी सोबत येईन." त्याने आदळआपट केली, दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी ऑफिसात फोन त्याने स्वतः केला. थापच मारली, पण स्वतःच्या तोंडाने.

एक मात्र मी प्रत्येकाला बजावते. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडायला जाऊ नका. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेतू शकतं. जेवणातून गुपचूप औषध देणंही तितकंच धोक्याचं. दारू तोडणं आणि औषध देणं, दोन्ही डॉक्टरांवर सोडा. आणि मारहाण होत असेल तर समजावण्याच्या फंदात न पडता आधी मुलांना घेऊन सुरक्षित जागी जा.

तो अजून पितो. एकदा डॉक्टरांकडे गेला, औषधं मध्येच सोडली. बाई मात्र आठवड्यातून एकदा नातेवाइकांच्या गटात जातात, वेगळ्या खोलीत झोपतात आणि झोप लागते म्हणतात. मुलीला त्यांनी खरं सांगितलंय. परवा त्यांनी विचारलं, पगाराचं खातं दोघांच्या नावावर आहे, त्याचं काय करायचं? सध्या आम्ही त्यावर बोलतोय.