'शानलीउर्फा'मधला 'ली' कुठला?

प्रश्न असा आहे: तुर्कस्तानच्या आग्नेयेला, सीरियाच्या सीमेला लागून असलेल्या प्रांताचं नाव नकाशात 'शानलीउर्फा' असं दिसतं, पण तिथल्याबद्दल वाचताना बऱ्याचदा नुसतं 'उर्फा' येतं. यातलं बरोबर कोणतं? आणि त्यातले 'शान' आणि 'ऊर्फ' आपलेच का?

'शान' आपलाच. मूळ अरबी शब्द फारसीतून मराठीत आला, आणि तोच तुर्कीतही गेला. 'ऊर्फ'चा मात्र संबंध नाही. आपला 'ऊर्फ' अरबी 'उर्फ' म्हणजे रूढी, लोकांत चालू असलेलं, यावरून आलाय. तुर्कीत त्याचं रूप 'ओर्फ' असं होतं आणि 'चालीरीती' या अर्थाने ते आजही वापरतात. शहराच्या नावाचा उगम वेगळा आहे. सुरियानी भाषेत या गावाला 'उर्हाय' म्हणत, अरबीत 'अर्-रुहा', आणि त्याच कुळातलं 'उर्फा'. मधल्या काळात ते एडेसाही होतं. चंद्रगुप्त मौर्याशी तह करणाऱ्या सेल्युकसने इ.स.पू. ३०३च्या सुमारास इथे नव्याने शहर वसवलं आणि त्याला मॅसेडोनियातल्या एका गावाचं नाव दिलं. धर्मयुद्धांच्या, म्हणजे क्रुसेडच्या इतिहासात भेटणारं एडेसा ते हेच. १०९८मध्ये ते युरोपीय सरदारांनी घेतलं, ११४४मध्ये मोसुलचा मुस्लिम शासक इमादुद्दीन झंगी याने ते त्यांच्याकडून जिंकलं, आणि त्यातूनच दुसरं धर्मयुद्ध पेटलं. राज्यकर्ते बदलले, कागदावरची नावं बदलली, पण लोकांच्या तोंडचं जुनं नाव टिकलं.

'शानली' ही अगदी अलीकडची भर. पहिल्या महायुद्धानंतर शहर फ्रेंच फौजेच्या ताब्यात होतं. स्थानिकांनी त्यांना वेढा घातला आणि एप्रिल १९२०मध्ये फ्रेंचांना निघावं लागलं. शेजारच्या आन्तेपला 'गाझी' ही पदवी १९२१मध्येच मिळाली होती, माराशला 'कहरामान' म्हणजे 'वीर' १९७३मध्ये. उर्फाला 'शानली' मिळायला १९८४ उजाडलं. त्यामुळे अधिकृत नाव शानलीउर्फा, बोलण्यातलं उर्फा, आणि दोन्ही बरोबर. मराठीत लिहिताना पहिल्या उल्लेखाला पूर्ण नाव द्यावं, पुढे उर्फा पुरे.

आता खरी गंमत त्या 'ली'त आहे. नामाला हा प्रत्यय लागला की 'ते ज्याच्यापाशी आहे ते' असा अर्थ होतो. म्हणजे 'शानली' हा थेट आपला 'शानदार'. याच प्रांतात हा प्रत्यय पावलोपावली भेटतो. शहराच्या मध्यावरचं तळं 'बालिक्लीगोल'. बालिक म्हणजे मासा, गोल म्हणजे तळं, तेव्हा माशांचं तळं. नमरूद राजाने प्रेषित इब्राहिमना आगीत टाकलं तेव्हा आगीचं पाणी झालं आणि लाकडांचे मासे झाले, अशी तिथली श्रद्धा आहे. म्हणून हे मासे पवित्र मानतात, कोणी खात नाही, उलट येणारे-जाणारे त्यांना खाऊ घालतात. शहराच्या ईशान्येला 'गोबेक्ली तेपे' आहे. गोबेक म्हणजे बेंबी किंवा पोट, तेपे म्हणजे टेकडी. पोट सुटलेली टेकडी, आणि लांबून ती तशीच दिसते. तिच्या पोटात साडेअकरा हजार वर्षांपूर्वीचे, साडेपाच मीटरपर्यंत उंचीचे, इंग्रजी टीच्या आकाराचे कोरीव दगडी खांब निघाले. चाकाच्या आणि मातीच्या भांड्यांच्याही आधीच्या माणसांनी ते उभारले, याचं मला आजही तितकंच नवल वाटतं.

हाच प्रत्यय गावाला लागला की रहिवासी होतो. उर्फाचा माणूस तो 'उर्फाली', आपण म्हणू उर्फाकर. 'दार' आणि 'कर' या दोघांचं काम तुर्की एकाच प्रत्ययावर भागवते. 'ओस्मानली'ही तसाच, उस्मानच्या घराण्याचा.

उच्चार मात्र सरसकट 'ली' नाही. आधीच्या स्वराप्रमाणे प्रत्ययाचा स्वर बदलतो. 'गोबेक्ली'त आपल्यासारखी इ आहे. 'शानली'त आणि 'बालिक्ली'त ती नाही. तिथे जीभ 'उ'च्या जागी मागे ठेवायची आणि ओठ गोल करायचे नाहीत. देवनागरीत या स्वराला अक्षर नाही, म्हणून 'ली' लिहून भागवावं लागतं. 'उ'नंतर तो 'लू' होतो, आणि हे रूप दख्खनच्या इतिहासात आपल्याला भेटतं. गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीचा संस्थापक सुलतान कुली हा काराकोयुनलू घराण्यातला. कारा म्हणजे काळं, कोयुन म्हणजे मेंढी, म्हणजे काळ्या मेंढीवाले. त्यांचे प्रतिस्पर्धी आक्कोयुनलू, पांढऱ्या मेंढीवाले, पंधराव्या शतकात याच उर्फावर राज्य करत होते. 'कुली'तला 'ली' मात्र या प्रत्ययाचा नव्हे. तिथे मूळ शब्दच 'कुल' म्हणजे दास असा आहे, आणि पुढची 'ई' फक्त 'त्याचा' हा संबंध दाखवते.