ज्येष्ठमधाच्या काढ्याने डुकरांचा पीआरआरएस थांबेल का?

तुम्ही विचारलंय : कागलजवळ माझं छोटं वराहपालन आहे, चिनी औषधांतल्या ज्येष्ठमधाने पीआरआरएसचा (डुकरांत गर्भपात आणि श्वसनाचा त्रास घडवणाऱ्या रोगाचा) विषाणू रोखला असं वाचलं, तर डुकरांना काढा सुरू करू का?

वाचलंत ते खरं आहे, पण काढ्याच्या भरवशावर राहू नका. मी इथे कोल्हापुरात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, त्याआधी काही वर्षं पेशी वाढवण्याच्या प्रयोगशाळेत होतो.

विषाणू रोखला जातो का हे बघायचा प्रयोग डुकरांवर नाही, तर बहुतेक वेळा प्रयोगशाळेत वाढवलेल्या, माकडाच्या मूत्रपिंडापासून आलेल्या मार्क-१४५ पेशींवर होतो. आधी विषाणू न घालता नुसता वनस्पतीतला घटक घालतात आणि किती मात्रेला पेशीच मरतात ते बघतात. मला हीच पायरी सगळ्यांत महत्त्वाची वाटते. पेशीच खंगली तर विषाणूही वाढत नाही, आणि आपल्याला वाटतं औषध सापडलं! म्हणून निम्म्या पेशी मारणारी मात्रा, भागिले विषाणू निम्म्यावर आणणारी मात्रा, असा आकडा काढतात. तो मोठा असेल तरच पुढे जायचं. मग घटक विषाणूच्या आधी, बरोबर आणि नंतर घालून बघतात. ज्येष्ठमधातलं ग्लायसिरायझिन मुख्यतः विषाणूला पेशीत शिरू देत नाही, हे असंच कळलं. आपल्या हळदीतल्या करक्युमिननेही प्रयोगशाळेतल्या अशा पेशींत हा विषाणू रोखलाय.

पण तोंडावाटे दिलेलं ग्लायसिरायझिन आतड्यातले जिवाणू तोडतात, रक्तात पोचतो तो बहुतांशी दुसराच पदार्थ. करक्युमिन तर रक्तात फारच थोडं उतरतं. आणि विषाणू बसलेला असतो डुकराच्या फुप्फुसातल्या भक्षक (जंतू गिळणाऱ्या) पेशींत, औषध तिथवर पोचायला हवं.

पारंपरिक औषधाला मी कमी लेखत नाही. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन चिनी वनस्पतीतूनच आलं, त्यासाठी चिनी शास्त्रज्ञ तू योयो यांना २०१५ मध्ये नोबेल मिळालं. मात्र उष्णतेने गुण जातो हे ओळखून त्यांनी १९७१ मध्ये ईथरने कमी तापमानाला अर्क काढला, तेव्हा तो लागू पडला. उकळून काढा करायच्या आधी हे आठवा.

माद्या शेवटच्या दिवसांत गाभ टाकत असतील, मेलेली पिलं होत असतील, तर आजच पशुवैद्यकांना बोलवा आणि रक्ताचा नमुना पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या) तपासणीला द्या. अशीच लक्षणं दुसऱ्या रोगांतही दिसतात. निदान होईपर्यंत आजारी जनावरं वेगळी ठेवा, नवीन डुक्कर आणू नका, आणि दुसऱ्या गोठ्यावरून आलेल्या माणसाला तशाच चपलांनी आत घेऊ नका.