परदेशी मुलांकडे राहणाऱ्यांसाठी: सिम, हयातीचा दाखला आणि दिवाळीचे अनारसे

या वेळी आलेली पत्रं बहुतेक सगळी मुलांकडे गेलेल्या किंवा बॅगा भरत असलेल्या काका-काकूंची आहेत. मी बँकेत पेन्शनच्या टेबलावर खूप वर्षं काढली आणि आता वर्षातले पाच महिने लेकीकडे मेलबर्नला असते, त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजू मला माहीत आहेत. त्यातले पाच प्रश्न घेतेय.

प्रश्न: ताई, आम्ही दोघं इंदिरानगरचे, एप्रिलपासून न्यू जर्सीला मुलाकडे आहोत. माझं सिम बंद पडलंय, बँकेचा ओटीपी येत नाही, लाइट बिल तुंबलंय. मुलगा म्हणतो नाशिकला गेल्यावर बघू, पण परत जायचं ऑक्टोबरमध्ये. तोवर काय करू?

काका, तुमची चिडचिड मला अगदी आतून कळते, कारण माझं हेच झालं होतं. पहिल्यांदा मेलबर्नला गेले तेव्हा लेकीने तिथलं सिम घालून दिलं आणि नाशिकचं सिम मी कुंकवाच्या रिकाम्या डबीत घालून पर्समध्ये ठेवलं, अगदी जपून. साडेतीन महिन्यांनी काढून घातलं तर नेटवर्कच नाही. कंपनीला फोन केला तर म्हणाले दुकानात स्वतः येऊन अंगठा लावा. मेलबर्नहून कॉलेज रोडला अंगठा लावायला कशी जाणार, त्या दिवशी मी खरंच रडले, कारण पेन्शन खात्यात जमा होत होती आणि मला ती दिसतही नव्हती.

होतं काय, तर प्रीपेडचा रिचार्ज संपला की आधी आपले फोन जाणं बंद होतं आणि काही दिवसांनी येणंही बंद होतं, मेसेजसकट. शिवाय सलग ९० दिवस सिम अजिबात वापरलं नाही तर कंपनी ते बंद करू शकते. ट्रायचा, म्हणजे फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम आहे की अशा वेळी बॅलन्स २० रुपये असेल तर ते कापून ३० दिवस वाढवून द्यायचे, पण आपल्यापैकी किती जण बॅलन्स ठेवतात, सगळे पॅकच मारतात. म्हणून आज पहिलं काम हे करा, मुलाला किंवा नाशिकमधल्या कुणालाही तुमच्या नंबरवर रिचार्ज मारायला सांगा, त्याला तुमचा ओटीपी लागत नाही. नुसता रिचार्ज संपला असेल तर सिम जिवंत होईल. नंबर पूर्ण बंद झाला असेल तरी लगेच घाबरू नका, बंद झालेला नंबर निदान ९० दिवस दुसऱ्या कुणाला देत नाहीत, पण मग मात्र ऑक्टोबरची वाट बघत बसू नका, कंपनीला तारीख विचारा.

लाइट बिलाचं टेन्शन तर सोडूनच द्या, महावितरणचं बिल ग्राहक क्रमांकावर कोणीही भरू शकतं, भाचा भरेल. बँकेचं म्हणाल तर खात्याला काकूंचं नाव जोडलेलं असेल आणि त्यांचा नंबर चालू असेल तर त्यांच्या नेटबँकिंगवरून काम चालवा.

आणि जे अजून निघायचे आहेत त्यांनी हे नीट वाचा. निघायच्या आठवड्यात वर्षभराचा रिचार्ज मारा. कंपनीच्या ॲपमधून इंटरनॅशनल रोमिंग इथूनच चालू करून घ्या, हे राहिलं की तिकडे सिम मुकं होतं. दोन सिमचा फोन घ्या, नाशिकचं सिम त्यात कायम राहू द्या, त्याचा डेटा रोमिंग बंद ठेवा आणि त्यावर आलेला फोन उचलू नका, पैसे कापतात. रोमिंगमध्ये येणाऱ्या मेसेजला बहुतेक कंपन्या पैसे घेत नाहीत, ओटीपी येत राहतो. बँकेत ईमेल नोंदवा. आणि कृपा करून आपला नंबर मुलाच्या नावावर किंवा पुतण्याच्या फोनमध्ये ठेवून जाऊ नका. माणसं चांगलीच असतात हो, पण आपल्या पेन्शनची किल्ली आपल्या फोनमध्येच हवी. ओटीपी फोनवरून कुणालाही सांगायचा नाही, आणि फसवणूक झालीच तर १९३० वर घरच्यांना लगेच तक्रार करायला सांगा.

प्रश्न: मी ८२ वर्षांची, नाशिकरोडची. हे केंद्र सरकारच्या नोकरीत होते, मला फॅमिली पेन्शन आहे. सध्या टोरोंटोजवळ लेकाकडे, सुनेचं बाळंतपण आहे त्यामुळे नोव्हेंबरमध्ये येणं नाही. हयातीचा दाखला कसा द्यायचा? लेक म्हणतो मोबाइलवर चेहरा दाखवून होतं. पेन्शन कायमची बंद तर होणार नाही ना?

मावशी, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, कारण रात्री झोप त्यानेच उडते. दाखला गेला नाही तर पेन्शन थांबते, पण बुडत नाही. नंतर दाखला दिला की थांबलेल्या महिन्यांची रक्कम मिळते. माझ्या टेबलावर अशी कितीतरी माणसं घाबरून यायची, हात थरथरत असायचे, आणि मागची सगळी रक्कम घेऊन जायची.

दाखला दरवर्षी नोव्हेंबरमध्ये द्यायचा असतो, पण ८० पूर्ण झालेल्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, तेव्हा तुम्हाला दोन महिने आहेत. चेहरा दाखवून करायची सोय २०२१ पासून आहे हे लेकाचं खरं, आधार आणि त्याचं फेस ॲप लागतं, नाशिकमध्ये असताना मी सगळ्यांना तेच करायला सांगते. पण तुम्ही तिकडे आहात तर मी कागदी दाखलाच सुचवेन. बँकेच्या वेबसाइटवरून फॉर्म काढा, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) नंबर आणि खाते नंबर पासबुकात बघून लिहा, आणि टोरोंटोच्या भारतीय कॉन्सुलेटमध्ये अधिकाऱ्यासमोर सही करा. पासपोर्ट आणि पीपीओची झेरॉक्स जवळ ठेवा. नोव्हेंबरमध्ये कॉन्सुलेट वेगवेगळ्या गावी शिबिरंही लावतात, तारखा लेकाला बघायला सांगा म्हणजे बाळ-बाळंतिणीला सोडून लांब जावं लागणार नाही. तेही जमलं नाही तर नोटरी किंवा तिथल्या बँक अधिकाऱ्याची सहीही चालते. मूळ कागद कुरिअरने नाशिकच्या शाखेत पाठवा, फोटो काढून ठेवा, आणि आठवड्याभराने शाखेत कुणाला तरी विचारायला पाठवा की नोंद झाली का. पोहोचला म्हणजे नोंदला असं नसतं, मी टेबलाच्या आत बसायचे म्हणून सांगते.

आणि ज्यांची पेन्शन ईपीएफओची (पीएफ ऑफिसची) आहे, म्हणजे सातपूर-अंबडच्या कंपन्यांतून रिटायर झालेले, त्यांना नोव्हेंबरची सक्ती नाही. दाखला वर्षभरात कधीही द्या, तिथून एक वर्ष चालतो. जायच्या आदल्या आठवड्यात देऊन टाकलात तर परदेशात डोक्याला ताप नाही.

प्रश्न: आम्ही गंगापूर रोडचे, मुलीने अर्ज केल्यामुळे आम्हा दोघांना अमेरिकेचं ग्रीन कार्ड मिळालं. बँकेला सांगायचं का? सगळे म्हणतात सांगू नका, एफडीवर जास्त टॅक्स कापतात.

काकू, सांगायचं. सहा महिन्यांच्या व्हिजिटवर गेलात तर यातलं काही लागत नाही, पण कायमचं राहायला जाताय तर फेमाच्या (परकीय चलनाच्या कायद्याच्या) नियमाने साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्यांचं इथलं रुपयातलं खातं, करून घ्यावं लागतं. पेन्शन एनआरओमध्ये जमा होते, ती चिंता नको. टॅक्स जास्त कापतात हे खरं आहे, एनआरओच्या व्याजावर ३० टक्के आणि वर सेस, टॅक्स कापू नका असा फॉर्म भरून सुटका नाही. पण तुमचं एकूण उत्पन्न कमी असेल तर रिटर्न भरून रिफंड मिळतो, सीएला दरवर्षी फोन करा. सिनियर सिटिझन सेव्हिंग स्कीममध्ये नवीन पैसे मात्र टाकता येणार नाहीत. आणि एक अमेरिकेतलं, भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर तिकडे दरवर्षी एफबार (परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म) भरून कळवावं लागतं. टॅक्स नसतो, नुसती माहिती, पण राहिली तर दंड मोठा.

दुसरं, इथला मेडिक्लेम बंद करू नका. ६५ वर्षं झाली तरी अमेरिकेत नोकरी न केलेल्यांना ग्रीन कार्डवर सलग ५ वर्षं राहिल्याशिवाय मेडिकेअर (तिथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) पैसे देऊनही मिळत नाही. मधल्या काळात दुखलं-खुपलं आणि नाशिकला यावं लागलं तर तोच मेडिक्लेम उपयोगी पडतो.

प्रश्न: पंचवटीतला फ्लॅट सहा महिने बंद राहणार. काय काळजी घ्यावी?

गॅसचा रेग्युलेटर काढा, पाण्याचा मेन व्हॉल्व्ह बंद, फ्रिज रिकामा करून दार फडकं लावून थोडं उघडं. बाथरूमच्या जाळीत पाणी ओतून वर चमचाभर गोडंतेल टाका, पाणी उडत नाही, वास आणि झुरळं वर येत नाहीत, हे मी स्वतः दरवर्षी करते. बंद घराचं मीटर दिसलं नाही की अंदाजे बिल येतं, तेव्हा शेजाऱ्यांकडून मीटरचा फोटो मागवून महावितरणच्या ॲपमध्ये रीडिंग टाका. घरपट्टी एप्रिलमध्येच भरून टाका, सूट मिळते. बाल्कनीला कबुतरांची जाळी नसेल तर आधी ती लावा, परत आल्यावर तो पसारा साफ करताना दम लागतो या वयात.

प्रश्न: दिवाळीला दुबईत लेकीकडे चाललेय, अनारसे घरचेच करून नेऊ का?

नको हो ताई, अनारसे अजिबात नेऊ नका. युएईमध्ये खसखशीवर पूर्ण बंदी आहे, ती अंमली पदार्थात धरतात, आणि आपल्या अनारशाची एक बाजू सगळी खसखशीने भरलेली असते. थोडी आहे, घरची आहे, हे तिथे ऐकून घेत नाहीत. सौदी आणि सिंगापूरलाही तसंच, तिथून विमान बदलणार असाल तरी सांभाळा. काळ्या मसाल्यात आणि कांदा-लसूण मसाल्यात कुणी कुणी खसखस घालतात, तेव्हा मसाला नेणार असाल तर या वेळी तिच्याशिवाय कुटा आणि ज्या डब्यात पूर्वी खसखस होती तो डबाही घेऊ नका. बॅग भरण्याआधी उलटी करून झटका, मागच्या वेळचे दाणे शिलाईत राहतात. अनारशाचं पीठ कोरडं बांधून न्यायचं, तिथे लेकीच्या हातून थापून घ्यायचं आणि खसखशीऐवजी तीळ लावायचे. चकली, शेव, खसखस नसलेला नाशिकचा चिवडा बिनधास्त न्या.