वाचकांचे प्रश्न : थंडी आणि कॅमेऱ्याची बॅटरी

प्रश्न : हर्णै बंदरावर डिसेंबर-जानेवारीत पहाटे कुरव पक्ष्यांची छायाचित्रे काढताना माझ्या मिररलेस कॅमेऱ्याची बॅटरी दोन तासांतच संपते. हा थंडीचा परिणाम असल्याचे मित्र सांगतात. येत्या फेब्रुवारीत हिमबिबट्या पाहण्यासाठी स्पिती खोऱ्यातील किब्बरला जाण्याचा बेत आहे. इथेच ही गत, तर तिथे किती बॅटऱ्या न्याव्यात?
— एक वाचक, हर्णै (ता. दापोली)

उत्तर : प्रथम हर्णैच्या थंडीवरचा आळ दूर करू. किनाऱ्यावर ऐन जानेवारीतही पारा १५ अंशांच्या खाली क्वचितच जातो, आणि वर दापोलीत तो कधी १० अंशांखाली उतरला तरी लिथियम-आयन बॅटरीच्या दृष्टीने ती थंडी नव्हेच. बहुतेक कॅमेरे ० ते ४० अंश सेल्सिअस तापमानात वापरता यावेत असेच बनवलेले असतात. आपली बॅटरी खातात ते उडते पक्षी. त्यांच्या मागे कॅमेरा फिरवताना पडदा किंवा दर्शिका (डोळा लावून पाहायची खिडकी, व्ह्यूफाइंडर) सतत चालू असते, फोकस अखंड धावत असतो आणि लेन्समधील कंपरोधक यंत्रणाही क्षणभर थांबत नाही. वाय-फाय आणि ब्लूटूथ चालू राहिले असल्यास ते बंद करावेत. एवढे करूनही फरक पडला नाही, तर बॅटरी जुनी झाली असण्याची शक्यता अधिक. काही कॅमेऱ्यांच्या मेन्यूमध्ये बॅटरीची अवस्था दाखवणारे पान असते, ते अवश्य पाहावे.

किब्बरची गोष्ट निराळी आहे. हे गाव ४००० मीटरहून अधिक उंचीवर असून फेब्रुवारीत तेथे रात्रीचे तापमान शून्याच्या बरेच खाली जाते. अशा थंडीत बॅटरीतील विद्युतद्राव दाट होतो, त्यातून लिथियमच्या आयनांची ये-जा मंदावते आणि बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. कॅमेऱ्याने एकदम जास्त वीज मागितली की व्होल्टेज घसरते, आणि केवळ व्होल्टेजवरून अंदाज बांधणारा कॅमेरा बॅटरी संपल्याचे जाहीर करून बंद पडतो. प्रत्यक्षात वीज आतच असते. हिवाळ्यात बाटलीत थिजलेले खोबरेल बाहेर येत नाही म्हणून ते कमी झाले असे आपण म्हणत नाही, उन्हात ठेवतो. तसेच येथे करायचे. ‘संपलेली’ बॅटरी अंगालगतच्या खिशात ठेवून ऊब दिली की ती पुन्हा बरीच छायाचित्रे काढून देते. म्हणून तिला रिकामी समजून पिशवीच्या तळाशी टाकू नये. खिशातील उबदार बॅटरी कॅमेऱ्यात आणि कॅमेऱ्यातील गार बॅटरी खिशात, अशी अदलाबदल दिवसभर चालू ठेवावी. त्या खिशात किल्ल्या किंवा नाणी नसावीत आणि बॅटरीच्या टोकांवर प्लास्टिकचे झाकण असावे.

संख्येबाबत सांगायचे, तर माहितीपत्रकातील ‘एका चार्जमध्ये इतकी छायाचित्रे’ हा आकडा येथे उपयोगाचा नाही. तो ‘सीपा’ या जपानी उत्पादक संघटनेच्या पद्धतीने, सुमारे २३ अंश तापमानात मोजलेला असतो. हर्णैला एका दिवसात दोन बॅटऱ्या लागत असतील, तर किब्बरसाठी चार धराव्यात. हिमबिबट्या दिसण्याआधी तासन्‌तास नुसते बसावे लागते, तेव्हा कॅमेरा बंद ठेवावा. तो दिसल्यावर मात्र काटकसर विसरावी, एवढ्या लांब जाऊन बॅटरी वाचवण्यात काय हशील? अतिरिक्त बॅटऱ्या मूळ उत्पादकाच्याच घ्याव्यात, असे माझे मत आहे. विमानप्रवासात त्या हातातील सामानातच न्याव्या लागतात.

सर्वांत महत्त्वाची काळजी चार्जिंगची. शून्याखालील तापमानात लिथियम-आयन बॅटरी चार्ज केल्यास लिथियम ऋणाग्रात (बॅटरीच्या आतील ऋण टोकाच्या पदार्थात) शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातूरूपाने साचते. त्यामुळे बॅटरीची क्षमता कायमची घटते आणि आत शॉर्ट सर्किट होण्याचा धोका निर्माण होतो. बाहेरून आणलेली बॅटरी खोलीच्या तापमानाला आल्यावरच चार्जरला लावावी. पॉवर बँकेतही लिथियमच असल्याने तीही उबेत ठेवावी, आणि रात्री सर्व बॅटऱ्या पांघरुणात घ्याव्यात. कॅमेरा मात्र उबदार खोलीत नेण्यापूर्वी बाहेरच घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालावा, म्हणजे दव पिशवीवर धरेल, कॅमेऱ्यावर नाही. मेमरी कार्ड आणि बॅटरी त्याआधी काढून घ्यावी, नाहीतर उत्सुकतेपोटी पिशवी लवकर उघडली जाते.

प्रश्न : आमच्याकडील उकाड्यात बॅटऱ्या खराब होऊ नयेत म्हणून त्या फ्रिजमध्ये ठेवाव्यात का?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : गारव्यात बॅटरीचे वय सावकाश वाढते, हे खरे, परंतु कोकणच्या दमट हवेत फ्रिजमधून काढलेल्या बॅटरीवर लगेच पाणी धरते आणि तिची टोके गंजण्याची भीती राहते. त्यापेक्षा ती निम्मी चार्ज करून, सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या हवाबंद डब्यात, घरातील सर्वांत थंड खोलीत ठेवावी. पूर्ण चार्ज केलेली बॅटरी उन्हात उभ्या असलेल्या गाडीत विसरणे हे सर्वांत वाईट. पावसाळ्यात कॅमेरा महिनोन्‌महिने बंद असेल, तर बॅटरी त्यात ठेवू नये, आणि दर दोन-तीन महिन्यांनी तिचा चार्ज पाहून तो फार उतरला असल्यास पुन्हा निम्म्यावर आणावा.