घरच्या फुलबागेतून वसंतात नेमकं काय मिळतं?

तुम्ही विचारलंय की गावच्या घरापुढे भाजीपाला सोडून फुलझाडं का लावावीत, आणि ऐन चैत्रात विहीर तळाला जात असताना त्यांना पाणी कशाला घालावं. भाजीपाला जरूर करा. पण चार फुलझाडं हवीतच. आमचं घर वेंगुर्ला तालुक्यातलं, तेव्हा इकडचंच सांगते.

फाल्गुनाच्या सुमाराला आमच्याकडे सुरंगी फुलते. तिच्या कळ्या जुन्या फांदीलाच चिकटून झुपक्यांनी येतात, गोल, मोत्याएवढ्या. वळेसर, म्हणजे गजरा, करायचा तर त्या उमलायच्या आत काढाव्या लागतात. ऊन चढलं की फूल उघडतं, मधमाश्या घोंघावू लागतात आणि कळी हातची गेली म्हणून समजा. त्यामुळे उजाडताच दीर शिडी लावून झाडावर चढलेले असतात, खाली आम्ही जुनी लुगडी अंथरतो आणि मुलं इकडेतिकडे उडालेल्या कळ्या टिपत फिरतात. एरवी चार हाका मारल्याशिवाय न उठणारी ही मुलं त्या दिवसांत आपणहून उठून बसतात! मग पडवीत ओवणं सुरू. सासूबाई अबोलीची वेणी मात्र सुईने करत नाहीत. केळीचं सोपट, म्हणजे खोडावरचं सुकलेलं साल, भिजवून त्याचा दोरा काढतात आणि एकेक फूल गाठीत अडकवत जातात. माझी मुलगी ते त्यांच्या मांडीशी बसून शिकली. वर्षभर एकमेकांशी जेवढं बोलणं होत नाही, तेवढं त्या तासाभरात होतं. मला विचाराल तर बागेचं खरं उत्पन्न हेच.

चैत्रात मोगरा. याची मेहनत मात्र आधीची. सासरे पौषात त्याची छाटणी करतात, त्याआधी पाणी तोडून झाडाला ताण देतात, मग बुंध्याशी माती उकरून शेणखत घालतात आणि पाणी सुरू करतात. मोगऱ्याला कळी नव्या फुटीवर येते, म्हणून ही छाटणी चुकवायची नाही. संध्याकाळी टपोऱ्या कळ्या काढून ताटात ठेवल्या की रात्री जेवणं होईपर्यंत उमलू लागतात. दोन देवाला, दोन पाण्याच्या माठात, बाकी शेजारी. मे महिन्यात मुंबईची जाऊ आली की पिशवी आत ठेवायच्या आधी मोगऱ्याशी जाऊन उभी राहते.

पाण्याची काळजी वाटणं बरोबर आहे. पण सुरंगी, सोनचाफा, बकुळ ही झाडं एकदा मोठी झाली की उन्हाळ्यात पाणी मागत नाहीत. मोगऱ्याला आम्ही तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी घालतो, तेही उन्हं कलल्यावर, आणि आळ्यात सुक्या पानांचा जाड थर ठेवतो. ओल टिकते.

लहान मुलं असतील तर बकुळ लावाच. तिची फुलं आपणच खाली पडतात, सकाळी शिडीशिवाय वेचता येतात आणि सुकली तरी वास सोडत नाहीत.

आता उन्हात खड्डे खणून तापू द्या, म्हणजे मिरगाचा पाऊस पडला की लावता येईल. मोगरा दिवसभर ऊन लागेल अशा जागी लावा. बी लावून केलेली सुरंगी फुलायला बरीच वर्षं घेते, म्हणून तिला पुढच्या सालावर ढकलू नका, पहिला खड्डा तिचाच धरा.